एक्स-रे स्वच्छ, तरी खोकला का थांबत नाही?

श्वासवेल (धागा सुरू करताना)

सर्दी गेली, ताप गेला, पण ढास काही जाईना, अशा तक्रारी इथे सतत येतात. खाली औषधांची नावं सुचवली जातात, काढ्यांवरून वाद होतात. खोकल्याची सुरुवात नेमकी कुठून होते यावर मात्र कोणी फारसं लिहीत नाही. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खोकायचं की नाही हे फुफ्फुसात ठरत नाही. स्वरयंत्र, श्वासनलिका आणि तिच्या मोठ्या फांद्या यांच्या अस्तरात चेतातंतूंची बारीक टोकं पसरलेली असतात. त्यांतले बहुतेक तंतू व्हेगस नावाच्या लांबलचक नसेतून वर जातात. त्यांच्या पेशी कवटीच्या तळाशी दोन गाठींमध्ये असतात, जुगुलर आणि नोडोज. तिथून संदेश मेंदूच्या देठात पोचतो. मग खोल श्वास, स्वरयंत्राची झडप क्षणभर घट्ट बंद, आतला दाब वाढलेला, आणि झडप उघडताच हवेचा स्फोट. हा सगळा क्रम तिथून हलवला जातो.

हे तंतू ढोबळमानाने दोन जातींचे. पहिली जात ए-डेल्टा, पातळ आवरण असलेली आणि वेगाने संदेश नेणारी. पाण्याचा घोट चुकीच्या वाटेला गेला की बसणारा ठसका हे हिचं काम. जॉन विडिकोम यांनी १९५४ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून श्वासनलिकेतल्या अशा तंतूंचं वर्णन केलं. स्पर्श झाला किंवा आम्ल अचानक आलं की हे पेटतात. मिरचीतल्या कॅप्सायसिनला मात्र ते दाद देत नाहीत.

दुसरी जात सी तंतू. यांना आवरण नाही आणि वेगही अगदी कमी, सेकंदाला एखाद-दोन मीटर. पण हवेत किंवा ऊतींत रासायनिक काही बिघडलंय का, यावर लक्ष ठेवणारे हेच. यांच्या पृष्ठभागावर टीआरपीव्ही-१ आणि टीआरपीए-१ अशी आयन चॅनल, म्हणजे विद्युतभारित कण आत सोडणारी बारीक दारं असतात. टीआरपीव्ही-१ कॅप्सायसिनने, आम्लाने आणि साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेने उघडतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने त्याचं जनुक १९९७ मध्ये शोधलं, आणि २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत मिळालं. टीआरपीए-१ सिगारेटच्या धुरातल्या अॅक्रोलिनने आणि मोहरीतल्या झणझणीत द्रव्याने उघडतं. फोडणीच्या धुराने ढास लागते ती अशाच चॅनलांमुळे.

आता मुद्द्याचं. विषाणू अस्तरात शिरला की जखमी पेशी आणि धावून आलेल्या रोगप्रतिकारक पेशी भराभर रेणू सोडतात. ब्रॅडिकायनिन, प्रोस्टाग्लँडिन ई-२, हिस्टामिन, ल्युकोट्राइन, शिवाय फुटलेल्या पेशींमधून सांडलेलं एटीपी, म्हणजे पेशींचं इंधन. यांतले काही तंतूला थेट पेटवतात. त्याहून मोठं काम म्हणजे ते तंतूची पेटण्याची पातळी खाली आणतात, म्हणजे एरवी ज्याने काहीच झालं नसतं तेवढ्याशानेही तो पेटायला लागतो. उन्हाने भाजलेल्या पाठीवर कोमट पाणीही चटका देतं, तसाच हा प्रकार. सूज उतरली तरी पातळी लगेच जागेवर येत नाही, आणि लांबलेल्या खोकल्याचं गूढ बरंचसं इथेच आहे.

ज्यांना हा अनुभव आहे त्यांनी लिहा, म्हणजे नेमकेपणाने बोलता येईल.

रानवारा

उत्तम धागा. माझंच वर्णन वाचल्यासारखं झालं. घशाच्या खळग्यात, हाडाच्या बरोबर वर, आधी एक गुदगुली येते. तेवढ्यात गिळलं तर कधी कधी टळते. नाही टळली तर ढास, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. फोनवर दोन मिनिटं बोललं, मोठ्याने हसलं, गार हवेतून उबदार खोलीत आलं की हमखास. एक्स-रे स्वच्छ, रक्त तपासणी ठीक. डॉक्टरांनी "काही नाही, टेन्शन कमी करा" म्हटलं तेव्हा फार वाईट वाटलं. एक शंका आहे. बोलण्याने किंवा हसण्याने कुठला दाहकारक रेणू तयार होतो?

श्वासवेल

रानवारा, बोलण्याने रेणू तयार होतो असं नाही. बोलताना, हसताना हवा जोरात ये-जा करते, अस्तर थोडं कोरडं पडतं, गार होतं, ताणलं जातं. हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं. तुमच्या तंतूंची पातळी आधीच खाली आलेली असल्याने त्यांना तेवढंही पुरतं.

आत काय घडतं ते जवळून बघा. ब्रॅडिकायनिन तंतूवरच्या बी-२ रिसेप्टरला, म्हणजे ते ओळखून पकडणाऱ्या जागेला, चिकटतं. त्यातून प्रोटीन कायनेज सी नावाचं विकर (एन्झाइम) जागं होतं, आणि ते टीआरपीव्ही-१ चॅनलला फॉस्फेटचे गट जोडतं. चॅनल तेच राहतं, फक्त त्याचा स्वभाव बदलतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर मोजमाप झालं तेव्हा एरवी ४३ अंशांना उघडणारं हे चॅनल ब्रॅडिकायनिनच्या उपस्थितीत शरीराच्या नेहमीच्या तापमानापेक्षाही कमी तापमानाला उघडताना दिसलं. म्हणजे स्वतःच्या शरीराची ऊबच तंतूला उत्तेजक ठरू शकते. मला हा निष्कर्ष पहिल्यांदा वाचल्यापासून विसरता आलेला नाही.

आणि तुमची गुदगुली हे अगदी सी तंतूंचं लक्षण आहे. पाण्याच्या ठसक्याआधी अशी सूचना मिळत नाही, तो थेट येतो. गिनीपिगना पूर्ण भूल दिल्यावरही श्वासनलिकेला स्पर्श केला की ते खोकतात, पण त्याच भुलीत कॅप्सायसिन किंवा ब्रॅडिकायनिनने खोकत नाहीत. या दुसऱ्या वाटेला जागा मेंदू लागतो. आधी जाणीव, मग उबळ. म्हणूनच तुम्हाला ती गिळून टाळता येते.

पाणकळा

आईची गोष्ट सांगते. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल सुरू झालं आणि काही आठवड्यांनी कोरडा खोकला लागला. रात्री आडवं झालं की जास्त. कफ नाही, ताप नाही. दोन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झाला, अॅलर्जीच्या गोळ्या झाल्या. शेवटी तिसऱ्याच एका डॉक्टरांनी गोळ्यांची पिशवी उलटी करून बघितली आणि रक्तदाबाची गोळी बदलली. खोकला हळूहळू गेला. तो त्या गोळीनेच होता का? इतका वेळ का लागला जायला?

श्वासवेल

पाणकळा, दाहाचा रेणू आणि खोकला यांचं नातं माणसात इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. एसीई नावाचं विकर दोन कामं करतं. रक्तवाहिन्या आवळणारा अँजिओटेन्सिन-२ तयार करतं, आणि ब्रॅडिकायनिन व सबस्टन्स-पी (असाच चिडवणारा आणखी एक रेणू) यांचे तुकडे करतं. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या "प्रिल" गोळ्या हे विकर थांबवतात. रक्तदाब उतरतो, पण श्वासनलिकेत ब्रॅडिकायनिन आणि सबस्टन्स-पी नेहमीसारखे तुटत नाहीत, साचतात. ब्रॅडिकायनिनमुळे प्रोस्टाग्लँडिनही जास्त तयार होतात. संसर्ग नाही, धूळ नाही, आणि तरी खोकला.

गंमत वाटावी असा योग म्हणजे ब्रॅडिकायनिन १९४९ मध्ये ब्राझीलमध्ये मौरिसियो रोशा ए सिल्वा आणि सहकाऱ्यांना सापडलं ते जराराका सापाच्या विषावर काम करताना. पुढे त्याच सापाच्या विषात एसीई रोखणारे पेप्टाइड सापडले आणि त्या धाग्यावरून कॅप्टोप्रिल तयार झालं, जे १९८१ मध्ये अमेरिकेत वापरात आलं. औषध आणि त्याचा दुष्परिणाम, दोघांचीही वाट एकाच विषातून निघाली.

शिशिर_छातीविकार

मी छातीविकारतज्ज्ञ आहे, म्हणून दवाखान्याच्या बाजूने भर घालतो. "प्रिल" गोळ्यांचा खोकला पहिल्या डोसनंतर काही तासांतही लागतो आणि काही महिन्यांनीही, त्यामुळे संबंध लक्षात येत नाही. बायकांमध्ये जास्त दिसतो. गोळी बंद केल्यावर बहुतेकांचा एक ते चार आठवड्यांत जातो, काहींना तीन महिनेही लागतात. त्या वेळात रुग्ण "बदलूनही फरक नाही" म्हणून पुन्हा जुन्या गोळीकडे वळतो, तेव्हा धीर धरायला सांगावं लागतं. पर्याय म्हणून "सार्टन" गटातल्या गोळ्या देतात, त्या एसीईला हात लावत नाहीत. पण हे वाचून कोणी स्वतःहून रक्तदाबाची गोळी बंद करू नका. आधी डॉक्टरांना विचारा, बदल त्यांनीच करायचा.

दुसरं. मोठ्या माणसांत आठ आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर आम्ही दीर्घ खोकला म्हणतो, मुलांत चार आठवडे. पण तेवढं थांबायची गरज नाही अशीही लक्षणं आहेत. थुंकीत रक्त, वजन घटणं, संध्याकाळचा ताप, रात्री दरदरून घाम, धाप. दोन आठवड्यांवर खोकला किंवा यातलं काही असेल तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी आणि एक्स-रे आधी, नसांची चर्चा नंतर.

काजवा

क्षयरोगाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. क्षयाच्या जंतूमुळे फुफ्फुस पोखरलं जातं म्हणून खोकला येतो, असंच आजवर वाटत होतं. त्यातही नसांचा संबंध आहे का?

श्वासवेल

आहे, आणि फार थेट आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात क्षयजंतूच्या आवरणातला सल्फोलिपिड-१ हा मेदरेणू वेदनावाहक चेतापेशींना स्वतःच पेटवतो असं दिसलं. गिनीपिगांना तो शुद्ध स्वरूपात हुंगवला तर ते खोकले. हा रेणू बनवू न शकणाऱ्या जंतूने संसर्ग झालेले गिनीपिग नेहमीच्या संसर्गासारखे खोकले नाहीत. म्हणजे इथे आपल्या दाहाची वाट बघायचीही जंतूला गरज नाही, तो तंतूशी स्वतःच बोलतो. आणि क्षय पसरतो तो खोकल्यातूनच, हे लक्षात घेतलं की या रेणूचं वजन कळतं.

हे प्रयोग गिनीपिगांवरच का, असा प्रश्न कोणाला पडला असेल तर कारण साधं आहे. उंदरांत माणसासारखा खोकला नीट दिसत नाही. गिनीपिगांची व्हेगसची रचना या बाबतीत आपल्याला बरीच जवळची आहे.

निशिगंध

माझा प्रश्न कदाचित बाळबोध असेल. प्रोस्टाग्लँडिनमुळे तंतू चिडतात, आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनणंच थांबवतात. मग सर्दीच्या खोकल्यावर आयबुप्रोफेन घेतलं की काम भागायला हवं. तसं होत का नाही?

श्वासवेल

अजिबात बाळबोध नाही, वर्गात मी हाच प्रश्न घालते. प्रोस्टाग्लँडिन ई-२ नेब्युलायझरने हुंगवलं तर माणूस खोकतो, आणि ते तंतूवरच्या ईपी-३ रिसेप्टरमधून काम करतं हे माहीत आहे. तर्क बरोबर आहे. पण सर्दीवरच्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर अशा गोळ्यांनी अंगदुखी, डोकेदुखी कमी होते, खोकल्यात ठळक फरक दिसत नाही. एक रेणू बाजूला केला तरी ब्रॅडिकायनिन, एटीपी, ल्युकोट्राइन जागेवरच असतात. आणि पातळी एकदा खाली आली की ती तशी ठेवणाऱ्या गोष्टी वेगळ्या. चेतापेशींच्या वाढीसाठीचा एनजीएफ हा रेणू सुजलेल्या अस्तरात वाढतो आणि तंतूंवर टीआरपीव्ही-१ ची संख्या वाढवतो. सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरस या विषाणूच्या संसर्गानेही चेतापेशींत या चॅनलांचं प्रमाण वाढलेलं प्रयोगशाळेत दिसलंय. तोवर प्रोस्टाग्लँडिन ओसरलेलं असतं.

शिशिर_छातीविकार

याला जोडून एक इशारा. काही दमेकऱ्यांना अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन वर्गातल्या गोळ्या चालत नाहीत. प्रोस्टाग्लँडिनची वाट बंद झाली की त्यांच्यात ल्युकोट्राइन वाढतात आणि दम्याचा जोरदार झटका येऊ शकतो. तेव्हा खोकल्यावर प्रयोग म्हणून घेऊ नका.

उलट, जिथे दाह अजून चालू आहे तिथे तो दाबल्याने खोकला सुंदर थांबतो. नुसत्या खोकल्याच्या रूपात येणारा दमा असतो, घरघर नसते. इओसिनोफिल नावाच्या रोगप्रतिकारक पेशी अस्तरात, नसांच्या अगदी लगत जमलेल्या असतात. अशांना श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड लागू पडतं. म्हणून रानवारांनी, झाली नसेल तर, फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी आणि जमल्यास श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडची तपासणी करून घ्यावी. पित्ताचा त्रास, नाकामागून घशात उतरणारा स्राव, धूम्रपान, चालू असलेली औषधं, हे सगळं आधी बघायचं. यातलं काही सापडलं नाही, किंवा सापडून उपचार करूनही खोकला राहिला, तर मग नस अतिसंवेदनशील झाली आहे असं धरून चालतो.

तिसरा_प्रहर

थोडा असहमत आहे. गिळून टाळता येतो, जागा मेंदू लागतो, हे सगळं वाचून तर तो टेन्शनचाच खोकला वाटतो. रानवारांच्या डॉक्टरांचं काय चुकलं?

श्वासवेल

चुकलं ते असं की त्यांनी "जागा मेंदू लागतो" याचा अर्थ "मनाने निर्माण केलेला" असा घेतला. दुखणंही जागेपणी जाणवतं, लक्ष दुसरीकडे गेलं की कमी होतं. तरी हाड मोडल्याचं दुखणं कोणी मानसिक म्हणत नाही. लांबलेल्या खोकल्याच्या रुग्णांना कॅप्सायसिनचा फवारा इतरांपेक्षा खूपच कमी मात्रेत खोकायला लावतो. हे आकड्यात मोजता येतं. ब्राँकोस्कोपीत, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, घेतलेल्या अस्तराच्या तुकड्यांत काही अभ्यासांत नसांची दाटी वाढलेली दिसली आहे. टोकं, गाठी आणि मेंदू या तिन्ही ठिकाणी बदल होतात. मेंदूच्या चित्रणात उबळ दाबून धरणारे भाग या रुग्णांत कमी जोमाने काम करताना दिसलेत.

"काही नाही" असं सांगितलेला माणूस घरी जाऊन स्वतःवरच संशय घेतो, चारचौघांत जाणं टाळतो. बायकांच्या बाबतीत खोकल्याच्या उबळीत लघवी निसटते, बरगडी दुखावते, आणि यावर बोलायचीही सोय नसते. एक्स-रे नस दाखवत नाही. तो स्वच्छ असणं ही चांगली बातमी आहे, पण आजार नसल्याचा दाखला नाही.

तिसरा_प्रहर

पटलं. मग चॅनल माहीत आहे, तर ते बंद करणारं औषध का नाही?

शिशिर_छातीविकार

प्रयत्न झाले. टीआरपीव्ही-१ बंद करणाऱ्या एका औषधाची चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्णांना कॅप्सायसिनने खोकला यायला जास्त मात्रा लागू लागली, म्हणजे औषध पोचलं होतं. पण दिवसभरातला त्यांचा स्वतःचा खोकला कमी झाला नाही. आमच्या क्षेत्रात हा मोठा धडा ठरला.

मग लक्ष एटीपीकडे गेलं. ते तंतूंवरच्या पी-टू-एक्स-३ रिसेप्टरला पेटवतं. तो रोखणाऱ्या गेफापिक्संटने २०१५ मध्ये २४ रुग्णांच्या छोट्या चाचणीत प्लासिबोच्या (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या) तुलनेत दिवसाचा खोकला ७५ टक्क्यांनी कमी केला. सगळे हरखले. पण हेच रिसेप्टर चवीच्या नसांवरही असतात, आणि त्या मोठ्या मात्रेत सगळ्यांचीच चव बिघडली. पुढच्या मोठ्या चाचण्यांत ४५ मिलिग्रॅमच्या मात्रेने प्लासिबोपेक्षा साधारण १५ ते १८ टक्केच जास्त फायदा दिसला, कारण प्लासिबो घेणाऱ्यांचा खोकलाही खूप कमी झाला होता. जपानने २०२२ मध्ये आणि युरोपने २०२३ मध्ये परवानगी दिली, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने नाकारली. याच गटातली, चवीला कमी धक्का लावणारी औषधं तपासली जात आहेत.

तोपर्यंत निवडक रुग्णांत आम्ही गॅबापेंटिन किंवा अगदी कमी मात्रेत मॉर्फिन वापरतो. दोन्ही नसांची आणि मेंदूची चिडचिड कमी करतात. गुंगी, बद्धकोष्ठता हे त्रास आहेतच, त्यामुळे देखरेखीशिवाय नाही. कोडीनची सिरप बारा वर्षांखालच्या मुलांना अजिबात देऊ नका.

मृगनयन

वाचा-उच्चार उपचारांचं काम करते, म्हणून लिहिते. औषधाविना करता येण्यासारखंही आहे आणि त्याला चाचण्यांचा आधार आहे. गुदगुली आली की तोंड बंद करून नाकाने हळू श्वास आत, ओठ थोडे मिटून हळू बाहेर, खांदे आणि मान सैल. एक घोट पाणी, किंवा कोरडंच गिळणं. सर्वांत महत्त्वाचं, सारखं खाकरणं सोडणं, कारण प्रत्येक खाकरणं स्वरयंत्रावर नवा आघात असतो. पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही तर सोडून देऊ नका. दर वेळी टाळलेली उबळ मोजा, आलेली नको.

रानवारा

मृगनयन, खूप आभार, आजपासून करते. शिशिर, फुंकायची तपासणी झालेली नाही, वेळ घेते. एक विचित्र गोष्ट विचारायची राहिली होती. कान साफ करताना, विशेषतः उजवा, मला ढास लागते. कोणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही.

श्वासवेल

विश्वास बसायला हवा, याला अर्नोल्डचा प्रतिक्षेप म्हणतात. बाह्य कर्णनलिकेच्या कातडीला व्हेगसचीच एक फांदी जाते. निरोगी लोकांपैकी मोजक्यांनाच हा असतो, दीर्घ खोकल्याच्या रुग्णांत बऱ्याच जास्त जणांना. तुमची नस चिडलेली आहे याचा हा आणखी एक पुरावा म्हणायला हरकत नाही.

शिशिर_छातीविकार

आणि कानात मळ किंवा केस पडद्याला टेकलेला असेल तर तेवढ्यानेही खोकला राहतो, काढला की जातो. कानात काडी घालणं बंद करा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दोन्ही कान बघून घ्या. फुंकायच्या तपासणीचा अहवाल आला की इथे टाका.